बहिणींच्या वाट्याची चिनी भांडी

(अमरावती आणि अकोला इथल्या युवक बैठकांत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'तंत्रज्ञान आणि आजचा तरुण'. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला हाच विषय मिळतो. त्यांची परवानगी घेऊन मी तो बदलला आहे. आज मी तुमच्याकडे चंदा मागायला आलो आहे, आणि तोही चिनी मातीच्या ताटवाट्यांसाठी. मागच्या रांगेतलं हसू मला दिसलं. हसा, हरकत नाही. फक्त 'चंदा' शब्द ऐकून चपला शोधू नका.

आधी एक जुना हिशोब सांगतो. मुंबईत आज ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, त्याचं आधीचं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ ची. आपल्याला वाटतं, एवढी इमारत म्हणजे इंग्रज सरकारनंच बांधली असणार. तसं नाही. राजपुत्राच्या भेटीचं स्मारक म्हणून शहरातल्या लोकांनी फंड उभा केला होता, तिथून सुरुवात झाली. त्यात सरकारनं ३ लाख रुपये घातले, महापालिकेनं अडीच लाख. सर कावसजी जहांगीर यांनी ५० हजार दिले. आणि सर करीमभाई इब्राहिम या एका माणसानं ३ लाख दिले. म्हणजे मुंबई सरकारनं जेवढे दिले तेवढेच. करीमभाई खोजा मुसलमान. चीन-जपानपर्यंत व्यापार, शिवाय कापडगिरण्या.

आपल्यापैकी किती जण शाळेच्या सहलीत त्या घुमटाखाली उभे राहिले असतील! त्या दगडांत एका मुसलमान व्यापाऱ्याचे ३ लाख आहेत हे मला कुठल्या गुरुजींनी सांगितलं नाही. आणि जुम्म्याच्या बयानातही कधी ऐकलं नाही. आपल्याकडे दानशूर माणसाचं नाव घेतलं जातं ते मशिदीच्या मिनारासाठी नाहीतर मदरशाच्या स्लॅबसाठी. म्युझियमला पैसे देणारा मुसलमान आपल्याही आठवणीत नाही आणि दुसऱ्यांच्याही नाही.

त्याच म्युझियममध्ये चिनी आणि जपानी भांड्यांचा मोठा संग्रह आहे. तो आला टाटांच्या घरातून. सर रतन टाटा १९१८ साली वारले, त्यांचा संग्रह १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला म्युझियमला मिळाला. थोरले भाऊ सर दोराबजी यांचा १९३३ साली. आता तुम्ही म्हणाल, टाटांचं टाटांना, वऱ्हाडचा काय संबंध? तर १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून ते नागपूरला का आले? कापूस जवळ होता म्हणून. वर्धा, यवतमाळ, अमरावतीचा कापूस. टाटांची श्रीमंती पुढे ज्या पायावर वाढली, त्यातली एक मोठी वीट ही मिल होती. त्यामुळे मुंबईत काचेच्या कपाटातली ती निळी-पांढरी सुरई बघताना मला आपल्या वावरातली काळी माती आठवते. आपल्या पंजोबांनी कापूस पिकवला, भांडी मुंबईत सजली. तक्रार करत नाही, नोंद करतो.

आता वऱ्हाडात या.

अचलपूर सगळ्यांना माहीत आहे. निदान परतवाड्याला बस बदलताना तरी तिथून गेला असाल. हे गाव एकेकाळी राजधानी होतं. बहमनी सत्ता फुटली तेव्हा १४९० च्या सुमारास फतहुल्ला इमाद-उल-मुल्कनं वऱ्हाडची इमादशाही उभी केली, ती १५७४ ला अहमदनगरच्या निजामशाहीत गेली. पुढे मोगल, मग हैदराबादचे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुहेरी वसुली, मग एलिचपूरचे पन्नी पठाण नवाब. बाळापूरचा किल्ला पूर्ण झाला तो १७५७ साली, याच नवाब इस्माईल खानाच्या काळात. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई, डिसेंबरात गाविलगड पडला. एवढ्या सत्ता आल्या-गेल्या की त्यांच्यामागे घरोघरी काहीतरी राहिलंच. कुठे तलवार, कुठे सनद, कुठे हाताने लिहिलेलं कुराण. आणि कित्येक घरांत माळ्यावर, गोधडीत गुंडाळलेली चिनी भांडी.

चिनी माती म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, कारण आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी मातीची म्हणतो आणि हॉटेलातल्या कपालाही. अस्सल पोर्सेलीन पांढऱ्या केओलिन मातीचं असतं, साधारण १३०० अंशांच्या भट्टीत भाजलेलं. टिचकी मारली तर खणखणतं. चीननं हे शेकडो वर्षं केलं आणि जगानं नुसतं विकत घेतलं. युरोपला ते जमलं थेट १८ व्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मनीतल्या माइसनमध्ये. दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या आवारात १४ व्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. मोगलांच्या वेळी सुरत बंदरातून बऱ्हाणपूरमार्गे दख्खनेत माल यायचा, आणि बऱ्हाणपूर आपल्यापासून किती, सातपुडा ओलांडला की आलंच.

जुन्या मुसलमान घरांत एक शब्द ऐकायला मिळतो: गोरी. हिरवट झिलईची जड थाळी, तिला गोरीची थाळी म्हणायचे. समज असा की जेवणात जहर असेल तर ती तडकते किंवा रंग बदलते. ताजमहालाच्या आवारातल्या म्युझियममध्येही अशी भांडी ठेवलेली आहेत. थाळीला जहर कळत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. पण बादशहा आणि नवाब काय खाताना घाबरायचे, हे त्या समजुतीतून कळतं.

आणि प्रत्येक जुनी प्लेट चीनमधली नसते, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या तुम्ही घरी जाऊन आजीच्या कपाटावर धाड घालाल. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. त्या पैशावर आणि त्या गाडीतून विलायती कप-बश्या, छापील नक्षीच्या प्लेटा खेडोपाडी आल्या. त्यांना चीनची किंमत नाही. इतिहास मात्र आहे, आणि तो आपलाच आहे.

आता ज्यासाठी आलो त्या गोष्टीकडे येतो. अचलपूरचं एक कुटुंब आहे. नाव सांगणार नाही, त्यांनी तशी अट घातली आहे. त्यांच्याकडे चौदा नग आहेत. एक मोठी हिरवी थाळी, तीच ती गोरीची. दोन निळे-पांढरे वाडगे, त्यातल्या एकाच्या काठाला जुना टवका. एका बशीवर अरबी अक्षरं आहेत. बाकी १९ व्या शतकातल्या विलायती प्लेटा. जाणकारांनी फोटो पाहून एवढंच सांगितलं आहे: थाळी आणि वाडगे जुने आहेत, नीट काळ ठरवायला वस्तू हातात घ्यावी लागेल.

घराची वाटणी झाली. दोन भाऊ, तीन बहिणी. घर आणि वावर भावांकडे गेलं. तुम्हाला माहीत आहे ते कसं जातं. "बहिणींच्या लग्नात खर्च केला ना", "ती तिच्या घरी सुखी आहे ना", "हक सोड म्हणजे माहेर तुटणार नाही". सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरलेला आहे. आपल्याकडे त्या सूरहचं पठण होतं, अंमल होत नाही. तर या तिघींना काय मिळालं? आईची भांडी. ही चौदा भांडी. तिघींपैकी एक विधवा आहे, शिवणकाम करते.

एक जुन्या वस्तू घेणारा आला. बाहेरगावचा. त्यानं हिरव्या थाळीचे ६० हजार सांगितले आणि बाकीचं 'असंच घेऊन जातो' म्हणाला. मी त्याला परवाना विचारला तर त्याला फोन आला. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. मालकाला आपली वस्तू देशात विकता येते, पण असा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कायदा चांगला आहे. पण माळ्यावरची थाळी गोणीत भरून नेणाऱ्याला तो रस्त्यात कुठे भेटतो?

मग आम्ही पाच-सहा मित्र एका सार्वजनिक संग्रहालयात गेलो. बोलणं चाललं आहे, म्हणून त्याचंही नाव सध्या घेत नाही. तिथल्या माणसांनी आपुलकीनं ऐकलं. म्हणाले, खरेदीसाठी या वर्षी पैसा नाही, दान म्हणून दिलं तर तपासून घेऊ, पूर्ण संच एकत्र ठेवू, नोंदवहीत नंबर पडेल आणि देणाऱ्याचं नाव लागेल.

इथे आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं: "आपापांना सांगू, देऊन टाका म्युझियमला, सवाब मिळेल, नाव होईल." माणूस चांगला आहे, मनानं बोलला. पण मला ते पटलं नाही. आधी घरावरचा हक सोडायला लावला, आता भांड्यांवरचाही सोडायला लावायचा, आणि वर सवाब सांगायचा? प्रत्येक वेळी कुर्बानी बहिणीचीच का? दान करायचं असेल तर ते आपण करू. आपण पैसे जमवू, तिघींना रास्त मोल देऊ, आणि मग भांडी म्युझियमला देऊ. तिघींनी मिळून चौदा नगांचे १ लाख ८० हजार सांगितले आहेत, एकीला ६० हजार. गोरीची थाळी एकटी विकून, उरलेल्या भांड्यांसाठी आणखी दुकानं फिरून त्यांना याहून जास्त मिळालं असतं असं मला वाटतं. त्यांना संच फुटू द्यायचा नाही. मोठ्या आपा म्हणाल्या, "भाई, अम्मी ने चौदा गिनके रखे थे, चौदा ही जाने दो." दुसरी अट, म्युझियममधल्या पाटीवर आईचं नाव यावं. आजवर त्या बाईचं नाव रेशन कार्ड सोडून कुठे लिहिलं गेलं नव्हतं.

हे सगळं ऐकल्यावर जे प्रश्न येतात ते मला पाठ आहेत, कारण अकोल्यात तासभर तेच चाललं होतं.

पहिला: लोक उपाशी आहेत, पोरांची फी भरायची आहे, दवाखाने आहेत, आणि तुम्ही ताटं विकत घेता? वऱ्हाडीत एका काकांनी विचारलं, "हे काय करून राह्यले बावा तुमी?" प्रश्न खरा आहे. आम्ही जकातीला हात लावणार नाही. मी आलिम नाही, पण जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत सांगितलेले आहेत आणि त्यात म्युझियम नाही, एवढं वाचता येतं. ज्याची जकात निघते त्यानं ती गरिबालाच द्यावी. आम्ही मागतो ते त्यानंतरचं. वलीम्यातला एक पदार्थ कमी करा. निवडणुकीच्या काळात ईद मुबारकच्या बॅनरवर स्वतःचा फोटो छापायला जेवढे जातात तेवढे द्या. उपाशी माणसाचं नाव घेऊन म्युझियमला नाही म्हणणारा माणूस उपाशी माणसाला देतोच असं माझ्या पाहण्यात नाही. देणारी माणसं बहुतेक दोन्हीकडे देतात.

दुसरा प्रश्न थोडा दबक्या आवाजात येतो: हे दीनचं काम आहे का? यावर मला एक इराणी गोष्ट सांगायची आहे. सफवी बादशहा शाह अब्बास यानं १६११ साली आपल्या खजिन्यातली हजाराहून जास्त चिनी भांडी अर्दबीलच्या शेख सफींच्या दर्ग्याला दिली. कशी दिली? वक्फ म्हणून. भांड्यांवर वक्फची खूण कोरली. त्यांच्यासाठी कोनाड्या-कोनाड्यांची खास इमारत सजवली, तिला 'चिनीखाना' म्हणतात. आजही त्यातली शेकडो भांडी शिल्लक आहेत, बरीच तेहरानच्या संग्रहालयात. चिनी भांड्यांच्या अभ्यासकांसाठी तो जगातला फार महत्त्वाचा संग्रह आहे, कारण १६११ ही तारीख पक्की आहे: या खुणेचं भांडं त्याआधीचंच असणार. बादशहानं दिखाव्यासाठी केलं असेल, राजकारणासाठी केलं असेल. पण एकदा वक्फ केल्यावर ती भांडी त्याच्या मुलाबाळांनी विकून खायची सोय उरली नाही.

वक्फ हा शब्द आपण अलीकडे टीव्हीवर फक्त जमिनीच्या भांडणात ऐकतो. आपल्या देशातला १९९५ चा कायदाही जंगम मालमत्तेचं वक्फ मानतो. म्हणजे पुस्तकं, भांडी, काहीही. आम्ही वक्फ करत नाही आहोत, सरळ दानपत्र करून सार्वजनिक संग्रहालयाला देणार आहोत. पण त्यामागची कल्पना आपल्याला परकी नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

तिसरा: सरकार का करत नाही? सरकार करतं कधी कधी. १९९५ साली केंद्र सरकारनं निजामाचे जवाहिर २१८ कोटींना घेतले. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला रघुजी भोसल्यांची तलवार लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र सरकारनं धावपळ करून ४७ लाख १५ हजारांत ती मिळवली. चांगलं केलं. नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडशी संबंध आहे, ती आपलीही तलवार आहे. मी वृत्तपत्रात वाचलं तेव्हा मला आनंदच झाला. पण सरकार तलवारीसाठी धावतं, हिऱ्यासाठी धावतं. विधवेच्या ताटासाठी कोण धावणार? राजाचं काय ते सरकार वाचवतं, घरातलं घरच्यांनाच वाचवावं लागतं. पुण्याचं राजा केळकर म्युझियम पाहिलं आहे का? दिनकर केळकर चष्म्याचं दुकान चालवायचे. घरोघरी फिरून अडकित्ते, दिवे, भांडी जमवली, गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रह केला आणि शेवटी सगळा राज्य सरकारला देऊन टाकला. पुण्यातल्या माजघराचा इतिहास त्यामुळे राहिला. अचलपूरच्या, बाळापूरच्या माजघराचा कुठे आहे?

एक पोरगी अमरावतीत बोलली ते मला जास्त लागलं. ती म्हणाली, "सर, आधीच आम्हाला बाहेरून आलेले म्हणतात, तुम्ही चीनची भांडी दाखवून ते पक्कं करताय." मी तिला विचारलं, तुमच्या शेजारी देशमुखांकडे लोणचं कशात घालतात? म्हणाली, चिनीच्या बरणीत. नावातच चीन आहे, तरी ती बरणी किती मराठी आहे! आंब्याच्या फोडी, मोहरी, आणि वर दादरा बांधलेली चिनी बरणी. त्या बरणीला कोणी पासपोर्ट विचारत नाही. ती भांडी वऱ्हाडात दोनशे, तीनशे वर्षं जेवली आहेत, इथल्या ज्वारीची भाकर आणि इथलं मटण खाल्लं आहे त्यांनी. पाटीवर तेच लिहा म्हणून आम्ही मागणी केली आहे: 'चीनमधील भांडी' एवढंच न लिहिता 'अचलपूरच्या घरातील' हेही लिहा. आणि म्हणूनच मला वेगळं मुस्लिम म्युझियम नको आहे. सगळ्यांच्या म्युझियममध्ये, सगळ्यांच्या भांड्यांशेजारी ती बसली पाहिजेत, जिथे देशमुखांची पोरं शाळेच्या सहलीत येतील.

असा पैसा जमतो का, हा शेवटचा प्रश्न. जमतो. इंग्लंडमध्ये वेजवुड नावाची मातीकामाची जुनी कंपनी, १७५९ ची. २००९ साली तिची मूळ कंपनी बुडाली आणि कामगारांच्या पेन्शनचं प्रचंड देणं, १३ कोटी ४० लाख पौंडांचं, कायद्याच्या एका तिढ्यामुळे त्यांच्या म्युझियमच्या गळ्यात पडलं. म्युझियमचे मोजके कर्मचारी त्याच पेन्शन योजनेत होते म्हणून. कोर्टानं सांगितलं, संग्रह विकून देणं फेडता येईल. ऐंशी हजारांहून जास्त वस्तू. वाचवायला १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड हवे होते. बहुतेक रक्कम मोठ्या निधी-संस्थांनी दिली. राहिलेले २७ लाख ४० हजार पौंड लोकांकडे मागितले, सप्टेंबर २०१४ मध्ये. महिनाभरात जमले. सात हजारांहून जास्त लोकांनी दिले, त्यात दहा-दहा पौंड देणारेही होते. संग्रह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीचा झाला आणि राहिला मात्र स्टोकजवळच्या त्याच गावात, जिथे भांडी बनली. मला यातला पैसा आवडला, त्याहून ही शेवटची अट आवडली.

इंग्लंड लांब आहे म्हणाल तर आपल्या शेंडगावचे गाडगेबाबा घ्या. ज्या माणसाच्या नावातच फुटकं मडकं आहे, त्यानं लोकांकडून पैसा मागून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः जेवला त्याच गाडग्यात. लोक द्यायचे, कारण पैसा कुठे जातो ते डोळ्यांना दिसत होतं.

तेव्हा आता हिशोब. आजपर्यंत २१२ लोकांनी ७१ हजार ३०० रुपये दिले आहेत. सगळ्यात लहान रक्कम २० रुपये, आठवीतल्या मुलीची. अजून १ लाख ८ हजार ७०० हवेत. कोणी एकानं सगळे देतो म्हटलं तर आम्ही घेणार नाही. एका शेठनं विचारलं, पाटीवर माझं नाव येईल का? येणार नाही. आईचं नाव येईल, आणि 'वऱ्हाडातील नागरिकांच्या वर्गणीतून' असं येईल. शेठनी मग पाचशे दिले. तेही नोंदवले आहेत.

आमचं मंडळ नोंदणीकृत नाही, म्हणून गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी वर्गणी सुरू करायच्या आधी घेतली आहे. तुम्हाला ८०जी ची करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. रोख घेत नाही. कोणी गल्ल्यात टाकून गेलं तरी परत शोधून पावती देतो. सगळा तक्ता ऑनलाइन उघडा आहे, नाव नको असेल तर फक्त क्रमांक दिसतो, रक्कम मात्र प्रत्येकाची दिसते. माझं सॉफ्टवेअर शिक्षण एवढ्याच कामाला आलं. तिन्ही बहिणींच्या खात्यात पैसे एकाच दिवशी, सारखे, थेट जातील. भावांच्या हातातून नाही. या अटीवर थोडी कुरकुर झाली. अट कायम आहे.

पैसे नसतील त्यांच्यासाठीही काम आहे, आणि ते मला पैशापेक्षा कमी वाटत नाही. तुमच्या घरात, मामाकडे, फुप्पीकडे जुनं काही असेल तर आधी फोटो काढा. खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. भांडं उलटं करून तळाचा फोटो नक्की, कारण शिक्का तिथे असतो. तार, राख, लिंबू काही लावू नका, घासून चकचकीत केलेली नक्षी परत येत नाही. टवका, भेग, डिंकाचा जोड, सगळं जसं आहे तसं लिहा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला फोनचं रेकॉर्डिंग चालू करून विचारा: हे कुठून आलं, कोणाच्या जहेजमध्ये आलं, कशासाठी बाहेर निघायचं. वस्तू काय आहे ते म्युझियमवाले ओळखतील, पण ती मोहर्रमच्या शरबताला निघायची की फक्त जावयाला, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. पुण्याच्या सी-डॅकनं म्युझियमांसाठी 'जतन' नावाची प्रणाली केली आहे, देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या नोंदी तिच्यात आहेत. आपण त्याच पद्धतीचा एक साधा मराठी-उर्दू फॉर्म बनवला आहे, म्हणजे उद्या कुठल्याही संग्रहालयाला आपली माहिती पुन्हा टाइप करावी लागणार नाही. उर्दू तपासायला माणसं हवी आहेत. बाळापूर आणि मूर्तिजापूरला जाऊन घरोघरी फॉर्म भरायला मुली हव्यात, कारण माळ्यापर्यंत आम्हाला कोणी जाऊ देत नाही.

पुढच्या रविवारी चौदा नगांचं वजन, माप आणि फोटो घ्यायला आम्ही अचलपूरला जाणार आहोत. गाडीत अजून तीन जागा आहेत. जुनी वर्तमानपत्रं आणि स्वच्छ सुती फडकी सोबत आणा, पॅकिंगला लागतील. चहा आपा करणार आहेत, त्या भांड्यांत नाही, स्टीलच्या कपात.

प्रश्न असतील तर विचारा.